तीन वाटांना एक सायकल

दुकानात शिरल्या शिरल्या खुणावालीने आधी बसायला काही आहे का ते पाहिलं. चाळीसेक सायकली उभ्या होत्या, म्हणजे बसायच्या जागा चाळीस, पण त्यांतल्या एकीवरही स्वस्थ बसता येण्यासारखं नव्हतं. शेवटी तिने टायरच्या एका खोक्यावर बूड टेकलं आणि गुडघे हातांनी धरून पाय लांब केले. सकाळचे दहा वाजले होते आणि तिला वाटत होतं की दिवस संपत आलाय.

तिचा नवरा, रंगारी, मात्र आल्यापासून उभाच होता. एकेका सायकलच्या दांडीवरून हात फिरवत होता, जणू दुकान विकत घ्यायला आलाय. खरं तर घ्यायची होती एकच, आणि तीसुद्धा खात्याच्या खर्चाने.

दोघंही डोंगरवाटांच्या खात्यात सव्वीस वर्षं होती. वाटेवर झाडांना, दगडांना लाल पट्ट्या मारायच्या, पुसट झालेल्या पुन्हा रंगवायच्या, आड येणारी फांदी तोडायची, म्हणजे डोंगरात फिरायला येणारा माणूस धड घरी परततो. पट्ट्या तो मारायचा म्हणून तो रंगारी, आणि त्या तपासायची म्हणून ती खुणावाली. त्यांची खरी नावं फक्त पगाराच्या कागदावर उरली होती आणि तिथेही कोणी वाचत नव्हतं.

ह्या कामात एक गोम आहे. खूण दोन्ही बाजूंनी पाहावी लागते. चढताना ठसठशीत दिसणारी पट्टी उतरताना खोडामागे दडते, आणि माणूस चुकतो तो उतरतानाच, कारण तेव्हा तो दमलेला असतो आणि त्याला घर दिसत असतं. म्हणून रंगारी जुन्या सायकलवर खालून चढायचा, हिला खात्याची जीप माथ्यावर सोडायची, आणि तो वर पोचला की ही तिच्या जुन्या सायकलवरून खुणा तपासत खाली यायची. सव्वीस वर्षं असं चाललं. आता वरून पत्र आलं होतं: जीप बंद, जुन्या सायकली भंगारात. यापुढे तिन्ही वाटांना मिळून एक माणूस आणि एक सायकल. चढतानाही त्यानेच बघायचं, उतरतानाही त्यानेच. दुसऱ्याला रंगाच्या गोदामात बसून काम. सोबत एक अर्ज होता: सायकलचा प्रकार, फ्रेमचं माप, चालवणाऱ्याचं नाव. शनिवारी दोनच्या आत भरून द्यायचा, नाहीतर वाटा दुसऱ्या कोणाला जातील आणि वाटांबरोबर खात्याच्या राहत्या दोन खोल्याही.

आज शनिवार होता. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे दोघांनी हे घोंगडं भिजत ठेवलं होतं. जेवताना एक म्हणायचा, "त्या अर्जाचं बघायला हवं," दुसरा म्हणायचा, "बघू," आणि दोघं ताटात बघायचे.

खुणावालीच्या मनात काय होतं ते सांगून टाकलेलं बरं. तिला गोदामातली खुर्ची हवी होती.

मागच्या महिन्यात ती रंग आणायला गेली तेव्हा गोदामवाला जागेवर नव्हता. ती त्याच्या खुर्चीत बसली. एक पाय आखूड असल्याने खुर्ची डावीकडे कलत होती, बसकणीवर कोणीतरी जुन्या कांबळ्याची घडी घातली होती, खिडकीतून पाठीवर ऊन येत होतं. ती पंधरा मिनिटं बसली. कोणी काही विचारलं नाही, कुठे चढायचं नव्हतं, कुठून उतरायचं नव्हतं. गोदामवाला येत्या महिन्यात निवृत्त होणार होता. त्या दिवसापासून डोंगरात पहिला पाय टाकताना तिच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची यायची, आणि पाय टाकणं जिवावर यायचं.

पण हे नवऱ्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? तो सकाळी शीळ घालत रंगाचे डबे भरायचा. संध्याकाळी मोजे काढता काढता म्हणायचा, "आज डोंगर काय सुंदर दिसत होता नाही?" ही म्हणायची, "हो ना." हिला दिवसभरात स्वतःच्या पायाखालचे दगड सोडून काही दिसलेलं नसायचं. त्याच्यासाठी ती डोंगरात जात राहिली होती. आता निदान एकालाच जायचं आहे तर ज्याला हौस आहे त्याने जावं, असं तिने ठरवून टाकलं होतं. फक्त हे त्याला त्याच्याच तोंडून म्हणू द्यायचं होतं.

"कुठे चालवणार?" दुकानातल्या मिस्त्रीने विचारलं. चष्मा कपाळावर, खांद्यावर काळं फडकं, आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही यावर पूर्ण विश्वास.

"डोंगरात," रंगारी म्हणाला.

"डोंगरात म्हणजे कुठे, काका? डोंगर काय टेबल आहे, सगळीकडे सारखा असायला?"

खोक्यावरूनच खुणावालीने सांगितलं. पहिली वाट धारेवरची, सगळे सुटे दगड, चाकाखालून निसटणारे. दुसरी झाडीतली, मुळं आणि चिखल. तिसरी खडीची, सात किलोमीटर सलग चढ, वळण नाही की सावली नाही.

"मग तीन सायकली लागतील."

"एकच मिळणार आहे."

"तर मग तिन्ही वाटांवर थोडं थोडं सोसायचं," मिस्त्री म्हणाला. "कुठे किती सोसायचं, एवढंच काय ते आपल्या हातात."

खुणावालीला वाटलं, हा माणूस सायकलींपेक्षा जास्त काही जाणतो. पण लगेच तो टायरच्या जाडीबद्दल बोलायला लागला आणि थांबेचना.

एका सायकलला पुढेमागे दोन्हीकडे झटके जिरवणाऱ्या स्प्रिंगा होत्या. दगडांवर लोण्यासारखी जाईल, पण चढावर मारलेलं निम्मं पेडल तिच्या स्प्रिंगमध्येच जिरेल, आणि चिखल त्या सगळ्या सांध्यांत जाऊन बसेल. दुसरी कडक आणि हलकी. खडीचा चढ हसत चढेल, मुळांवरून उतरताना मात्र दात मोजून घ्यावे लागतील. तिसरी मधली. स्प्रिंग फक्त पुढे, टायर रुंद, त्यांत हवा कमी ठेवली तर चिखलातही धरतात. पेडलजवळचं दातेरी चाक लहान, मागचं सगळ्यात मोठं जेवणाच्या ताटाएवढं, म्हणजे मुंगीच्या पावलांनी का होईना पण कोणताही चढ चढता येईल. शिवाय हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली जाते, उतारावर अंग मागे टाकता येतं.

"हीच," दोघं एकदम म्हणाले. सव्वीस वर्षं तीच ती वाट तुडवली की एवढं एकमत होतंच.

प्रकार अर्ध्या तासात ठरला. घोडं पेंड खायला लागलं ते मापाशी. रंगारी ताडमाड, खुणावाली त्याच्या खांद्याला लागणारी. एकाच्या मापाची सायकल दुसऱ्याच्या कामाची नव्हती.

"मोठी दाखवा," खुणावाली म्हणाली. "ह्यांची उंची बघा ना."

"लहान काढा," रंगारी म्हणाला. "मोठीची दांडी हिला लागेल."

"मला कशाला लागेल? मी कुठे बसतेय तिच्यावर?"

"अगं, पण तुझा तोल माझ्यापेक्षा चांगला आहे. धारेवरून तू उतरतेस तसा मी तरी कधी उतरलोय?"

"आणि चढ? चढाला दम तुमचाच. माझा गुडघा बघा, वाजतो नुसता."

"लहान सायकल हलकीही असते," रंगारी मिस्त्रीला म्हणाला.

"मोठीला चाकं मोठी असतील ना?" खुणावालीने विचारलं.

"चाकं सारखीच," मिस्त्री म्हणाला. त्याने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "बायको नवऱ्यासाठी घेतेय आणि नवरा बायकोसाठी. असं गिऱ्हाईक मला वीस वर्षांत मिळालं नाही. लग्नाचा वाढदिवस आहे का?"

खुणावालीला नवऱ्याची दया आली. माझं मन राखायला हा स्वतःचा डोंगर सोडायला निघालाय, असं तिला वाटलं, आणि त्याबरोबर थोडी चीडही आली, कारण त्याचा हा चांगुलपणा तिच्या आणि खुर्चीच्या मध्ये उभा होता.

आणि एक गोष्ट होती. ती तिने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

दोन-तीन वर्षांपासून रंगाऱ्याच्या पट्ट्या चुकत होत्या. आधी एखादी वाकडी, मग एखादी जुन्या पट्टीच्या शेजारी, जुनी दिसलीच नसल्यासारखी. मग फाट्यावर चुकीच्या बाजूला. ती वरून उतरताना पाहायची आणि दगडाच्या रंगाचा करडा रंग लावून ती पट्टी बुजवायची, योग्य जागी लाल मारायची, आणि खाली येऊन म्हणायची, सगळं ठीक आहे. मागच्या हिवाळ्यात ती तापाने दोन दिवस घरी होती. त्या दोन दिवसांत एक माणूस दोन लहान पोरींना घेऊन झाडीतल्या वाटेने गेला आणि फाट्यावरची खूण बघत जुन्या खाणीच्या तोंडाशी पोचला. त्यांतली एक पोरगी रडायला लागली म्हणून ते माघारी फिरले, एवढंच. खुणावालीने ताप उतरल्यावर जाऊन ती पट्टी बुजवली.

आता तो एकटा जाणार. त्याच्या मागून करडा रंग घेऊन कोणी येणार नाही. हे तिला कळत नव्हतं असं नाही. नवी सायकल, चांगले ब्रेक, तो सावकाश जाईल, जपून मारेल, असं ती तीन आठवडे स्वतःला सांगत होती. आपण स्वतःशी खोटं बोलतोय हेही तिला कळत होतं. पण माणूस एका हद्दीपलीकडे थकला की त्याला आपलं खोटंसुद्धा खोडून काढायचा कंटाळा येतो. तिला बसायचं होतं. बाकी सगळं नंतर.

"असं करा," मिस्त्री वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही मोठीवर एक फेरी मारा. मागच्या गल्लीत उतार आहे. वरून सरळ यायचं, लाल पट्टी आली की ब्रेक दाबायचा, पुढे तीन पायऱ्या आहेत. अंगाला कोणती बसते ते लगेच कळेल."

मागची गल्ली म्हणजे दोन इमारतींमधला उताराचा बोळ होता. मिस्त्रीने जमिनीवर चांगली हातभर रुंद लाल पट्टी मारली होती. आंधळ्यालाही दिसावी अशी, असं खुणावालीच्या मनात आलं आणि तिने जीभ चावली.

रंगारी वर गेला, सायकलवर बसला. मोठी सायकल त्याला शोभत होती, हे मान्य करायला हवं. तो निघाला, पाठ सरळ, कोपर सैल, अगदी तरुणपणी उतरायचा तसा. पट्टी आली. पट्टी गेली. त्याने ब्रेकला हात लावला नाही.

"काका, ब्रेक," मिस्त्री ओरडला.

मग त्याने दाबला. मागचं चाक फरफटलं आणि पुढचं पहिल्या पायरीच्या काठावर येऊन थांबलं. रंगारी उतरला. सायकल भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे न बघता पायरीवर बसला.

"पट्टी दिसली नाही का तुम्हाला?" मिस्त्रीने विचारलं. मिस्त्री तोंडाळ होता पण मूर्ख नव्हता. तो सायकल घेऊन आत गेला.

खुणावाली नवऱ्याच्या शेजारी बसली. पायरी गार होती.

"मधोमध धूसर आहे," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, आहे तेवढं जपा, परत यायचं नाही."

"कधी गेला होतात?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू तरी कुठे सांगितलंस?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "करड्या रंगाचे डबे भरतो मीच. पूर्वी एक डबा वर्षभर पुरायचा. आता महिन्याला संपतो. मला काय कळत नाही? मी पुढे चुकत जायचो आणि तू मागून निस्तरत यायचीस."

खुणावालीला वाटलं होतं की तिने हे फार हुशारीने झाकून ठेवलंय.

"मग सोडलं का नाही काम? एकदा तरी म्हणायचं."

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तुला डोंगराची एवढी आवड. संध्याकाळी मी म्हणायचो, आज डोंगर काय सुंदर दिसत होता, की तुझा चेहरा कसा फुलायचा. माझ्यामुळे जोडी फुटली असती. दुसरा कोणी दिला असता तुझ्याबरोबर, नाहीतर तुलाही बसवलं असतं."

"माझा चेहरा," खुणावाली म्हणाली.

"मला काय, धूसर दिसतं," तो म्हणाला. हे तो गमतीने म्हणाला असेल, पण दोघांनाही हसू आलं नाही.

ती मनात हिशेब करत होती. दोन वर्षं पहाटे उठून दोघं डोंगरात जात होते, हा तिच्यासाठी आणि ती ह्याच्यासाठी. डोंगरासाठी कोणीच जात नव्हतं. तिला आधी खूप राग आला, त्याचा, मग स्वतःचा. मग रागही दमला. संसारात माणसं एकमेकांपासून वाईट गोष्टी लपवतात असं म्हणतात. ह्या दोघांनी एकमेकांपासून थकवा लपवला होता, आणि त्यापायी दोन पोरी खाणीच्या तोंडाशी जाऊन आल्या होत्या.

"आज मोठी सायकल नको म्हणून मी एवढा आडून आडून सांगत होतो," रंगारी म्हणाला. "तू काही ऐकेनास. नाव माझं घालू नकोस. मी एकटा गेलो तर कोणाचा तरी जीव जाईल."

"गोदामात तरी कसं करणार? तिथे सगळे रंगच असतात."

"डब्यांवर आकडे असतात, चांगले मोठे. तिरपं बघितलं की वाचता येतात मला. मी जाऊन बघून आलो." त्याने मांडीवरची धूळ झटकली. "गोदामवाल्याने बसायला सांगितलं म्हणून बसलोही. बरी आहे खुर्ची. डावीकडे कलते, पण खाली कांबळं आहे. पाठीवर ऊन येतं."

खुणावाली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. ह्या क्षणी सगळं सांगून टाकता आलं असतं. मीही बसलेय तिच्यात, पंधरा मिनिटं, आणि त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की ती मला आठवली नाही. माझे गुडघे गेलेत. तुमच्या डोंगराची मला कधीच एवढी हौस नव्हती, पहिल्या चार-पाच वर्षांनंतर तर मुळीच नाही. शब्द सगळे तयार होते, तीन आठवड्यांपासून. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे तोंड करून बसला होता, पण नजर तिच्या कानाजवळून पलीकडे चालली होती. ती नीट दिसावी म्हणून तो तिच्याकडे बघत नव्हता.

दोघंही बसले तर खोल्या जाणार. तो गेला तर कोणीतरी जाणार. तिसरा रस्ता शोधायला तिने मन इकडेतिकडे फिरवलं. नव्हता.

"चला आत," ती म्हणाली. उठताना गुडघा वाजला. त्याने तिचा हात धरला, तिला वाटलं आधार द्यायला. मग लक्षात आलं, पायरी कुठे संपते ते त्याला कळत नव्हतं.

मिस्त्रीने त्यांनी आणलेला अर्ज गल्ल्यावर पसरला होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"काय ठरलं? मोठी की लहान?"

"लहान," खुणावाली म्हणाली.

"पेडल कोण मारणार?"

"मी."

मिस्त्रीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, गुडघ्यांपाशी जरा जास्त वेळ. "काकू, तिन्ही वाटा, रोज चढून उतरायच्या? एकटीने?"

"रोज एक. नोकरीची चार वर्षं राहिलीत माझी."

"तिला फार आवड आहे," रंगारी मागून म्हणाला.

खुणावालीने ते खोडून काढलं नाही. मिस्त्रीने पेन पुढे केला. चालवणाऱ्याचं नाव, अशी ओळ होती आणि तिच्यापुढे रिकामी जागा. तिने तिथे आपलं खरं नाव लिहिलं. सवय गेल्यामुळे दुसऱ्या अक्षरावर ती क्षणभर अडली.

"लिहिलंस?" त्याने विचारलं.

"लिहिलं."

रंगाऱ्याने श्वास सोडला. लांब, पार पोटातून आलेला. खांदे खाली आले, मान सैल झाली, आणि तो तिथेच टायरच्या खोक्यावर बसला आणि पाय पसरून त्याने डोळे मिटून घेतले. तीन आठवडे तिने ह्याच श्वासाची वाट पाहिली होती. तो तिला स्वतःला सोडायचा होता.

"बूट काढा, काकू," मिस्त्री फीत घेऊन पुढे येत म्हणाला. "भिंतीला टेकून सरळ उभ्या राहा. सायकलसाठी पायाच्या लांबीचं माप घ्यायचंय."

ती भिंतीला टेकून सरळ उभी राहिली.